बुद्धिबळाचे पुस्तक घेताना

धाकट्या भावंडासाठी डोंबिवलीच्या रद्दीवाल्याकडून किंवा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या (स्थापना १८६४) जुन्या ग्रंथालयातून बुद्धिबळाचे पुस्तक आणणार असाल, तर आधी त्यात खेळी कशा लिहिल्या आहेत ते पाहा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत घरे ज्याच्या त्याच्या बाजूने मोजीत. पांढऱ्याचे 'के ४' ते काळ्याचे 'के ५'. एकाच घराची दोन नावे! नवशिका काळ्याच्या खेळीला हमखास अडखळतो. नव्या पद्धतीत, आलेखावरील बिंदूप्रमाणे, त्या घराचे नाव दोघांनाही 'ई ४' हेच. १९८१ पासून 'फिडे' ही जागतिक संघटना हीच पद्धत मानते. स्पर्धेत खेळी अशाच लिहाव्या लागतात. कापाब्लांकाचे 'चेस फंडामेंटल्स' (१९२१) उत्तमच, मात्र नव्या पद्धतीतील आवृत्ती मागून घ्या.