आजारपणाची रजा आणि वर्षाचा अहवाल

6 मे 1944 रोजी महात्मा गांधींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून प्रकृतीच्या कारणावरून सोडण्यात आले. मलेरियाने शरीर पार खंगले होते. फेब्रुवारीत कस्तुरबा तिथेच, त्याच कैदेत वारल्या होत्या. सुटकेनंतर दोन आठवड्यांनी गांधींनी बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांना एक पत्र लिहिले. या सुटकेचा आपल्याला आनंद नाही, उलट लाज वाटते, आपण आजारी पडायलाच नको होते, असा त्याचा आशय. जुलैत ते विश्रांतीसाठी पाचगणीच्या ‘दिलकुशा’ बंगल्यात राहायला आले. 17 जुलैला तिथूनच त्यांनी जिनांना भेटीसाठी पत्र धाडले. चर्चिलना लिहिलेल्या पत्रावरही तीच तारीख आहे. सुटकेला तेव्हा जेमतेम दहा आठवडे झाले होते.

गांधींनाही आजारपणाची लाज वाटली, तर तुमचे-आमचे काय? शस्त्रक्रिया, केमोथेरपी, क्षयरोग किंवा खोल नैराश्यातून उठून माणूस कामावर रुजू होतो आणि मार्चअखेर त्याच्यापुढे सेल्फ अप्रेझलचा फॉर्म येतो. प्रश्न बारा महिन्यांचे, काम सात-आठ महिन्यांचे. मग पहिल्याच रकान्यात माफी सुरू होते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ही माफी तिथे लिहायची नसते. रजा मंजूर झाली, प्रमाणपत्रे दिली, तिथे तो विषय मिटला. अहवाल मागतो तो हजर असलेल्या महिन्यांच्या कामाचा हिशेब.

पाचगणीच्या निवासी शाळेतली एक शिक्षिका डोळ्यांपुढे आणा. ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती रजेवर होती. ‘दीर्घ आजारपणामुळे यंदा अपेक्षित काम करता आले नाही, याबद्दल दिलगीर आहे,’ असे तिने लिहिले, तर वाचणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मनात एकच गोष्ट उरते: काम झाले नाही. तीच बाई असेही लिहू शकते: ‘18 ऑगस्ट ते 6 डिसेंबर मंजूर वैद्यकीय रजा. रजेवर जाण्यापूर्वी नववीचे पहिले चार धडे शिकवून पूर्ण केले; पुढची टिपणे आणि चाचणीचे गुण बदली शिक्षिकेकडे सोपवले. रुजू झाल्यानंतर दहावीच्या दोन सराव परीक्षा घेतल्या, उत्तरपत्रिका तपासून मागे पडलेल्या मुलांचे संध्याकाळी वेगळे वर्ग घेतले.’ यात खोटे काही नाही आणि लपवलेलेही काही नाही. चार्ज नीट सोपवणे हेसुद्धा कामच आहे आणि दुखण्यात ते करणे सोपे नसते. ते अवश्य लिहावे. मधल्या काळात बदली शिक्षिकेने जे शिकवले, ते मात्र तिच्याच नावावर राहू द्यावे. तिचा उल्लेख करून आभार मानावेत.

आजाराचे नाव लिहायचे का? अहवालात त्याची गरज नसते. ‘वैद्यकीय रजा’ एवढे दोन शब्द पुरतात. फिटनेस सर्टिफिकेट कार्यालयात जमा असते; कामाचे मूल्यमापन करणाऱ्या साहेबांना रिपोर्टमधले आकडे कशाला हवेत? विशेषतः मानसिक आजार, एचआयव्ही किंवा कर्करोग असेल, तर एकदा कागदावर गेलेले नाव कपाटातून कपाटात फिरत राहते.

टार्गेट असलेल्या नोकरीत हिशेब आणखी उघड हवा. वर्षाला 120 खाती उघडायची होती आणि तुम्ही सात महिने हजर होता, तर उद्दिष्ट 70 चे धरले जावे, ही मागणी अहवाल भरण्याआधीच लेखी करावी. अहवाल गेल्यानंतर ती सबब वाटते. सरकारी पद्धतीत ही समज बऱ्यापैकी मुरलेली आहे. केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालाच्या नमुन्यात रजेच्या कालावधीसाठी जागा असते आणि अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने किमान तीन महिने काम पाहिलेले असावे, असा दंडक आहे. महाराष्ट्राच्या 1981 च्या रजा नियमांत क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग आणि पक्षाघातासाठी वेगळ्या रजेची तरतूद आहे. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात तर आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढण्यास किंवा शिक्षा करण्यास मनाई लिहिली गेली. खासगी कंपनीच्या फॉर्ममध्ये असा रकाना नसेल, तर पहिल्या ओळीतच तारखा घालाव्यात.

सगळ्यात अवघड असतात ते परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे. पाचगणीला हे फार पूर्वी ठाऊक होते. महाबळेश्वरच्या मानाने इथे पाऊस बराच कमी, हवा कोरडी, म्हणून डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये इथे क्षयरोग्यांसाठी ‘बेल-एअर’ सॅनेटोरियम उभारले. औषध हाती नव्हते तेव्हा विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हेच उपचार होते. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या फ्रिमली सॅनेटोरियमचे डॉ. मार्कस पॅटरसन रुग्णांना पायरीपायरीने श्रम वाढवून देत: आधी थोडे चालणे, मग अधिक, मग मातीच्या टोपल्या वाहणे, पुढे फावडे. ताप चढला की श्रम थांबवून पुन्हा विश्रांती. बऱ्या होणाऱ्या शरीराला पहिल्याच दिवशी पूर्ण दिवसाचे काम पेलत नाही, हे त्या डॉक्टरांनी गृहीतच धरले होते. आपल्या कार्यालयांत हे गृहीत धरले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तेव्हा पहिला महिना अर्धा दिवस काम, रात्रपाळी नाही, बाहेरगावचे दौरे नाहीत, असे काही ठरले असेल, तर ते कुणाशी आणि कधी ठरले यासह अहवालात नोंदवावे. नाहीतर त्या महिन्याचे कमी काम आळस म्हणून वाचले जाते.

पुढच्या वर्षाच्या उद्दिष्टांत ‘राहिलेले सगळे भरून काढीन’ असे वचन देण्याचा मोह होतो. देऊ नये. दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचे असेल, तर ते दिवस धरूनच उद्दिष्ट मांडावे.

एवढे करूनही शेरा प्रतिकूल आलाच, तर गप्प बसू नये. देव दत्त यांच्या खटल्यात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी कर्मचाऱ्याच्या अहवालातली प्रत्येक नोंद, चांगलीसुद्धा, त्याला कळवली पाहिजे. 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते कायम केले. नोंद कळली की तिच्याविरुद्ध निवेदन देता येते. खासगी नोकरीत हा निकाल थेट लागू नाही, पण शेऱ्याची प्रत मागायला कुणी अडवलेले नाही. निवेदनाला रजा मंजुरीचे पत्र, रुजू झाल्याची तारीख आणि उद्दिष्ट कमी करण्यासाठी केलेला लेखी अर्ज जोडावा; पोच घेऊन ती घरच्या फाइलमध्ये ठेवावी.