कळण्याचं दळण

कळणा दळताना घाई चालत नाही. ज्वारी, तिच्या चौथाईनं अख्खे काळे उडीद आणि बेताचं मीठ, हे खानदेशातलं नेहमीचं प्रमाण. उडीद गुळगुळीत आणि कडक. जात्याच्या तोंडात घास मोठा पडला तर पिठात कण्या राहतात आणि भाकरी थापताना कडेला चिरते. घास लहान ठेवला तर वेळ दुप्पट लागतो, दंड भरून येतो, पण पीठ मऊ उतरतं.

जळगावजवळ आसोद्याला मावशीच्या समोर बसून मी हे शिकले. खुंट्यावर दोघींचे हात, घास मात्र तीच घालणार. दळण्याआधीची तिची तयारी मला दळण्याइतकीच महत्त्वाची वाटते. धान्य सुपात पाखडायचं, खडे वेचायचे. जात्याभोवतीची जागा झाडायची, तळ्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या. मग वरच्या तळीला हळदकुंकू, नमस्कार आणि देवाचं नाव घेऊन पहिला घास. सूप रिकामं होत आलं तेव्हा मी जातं तसंच फिरवत राहिले, तर तिनं खुंटा धरला. “रिकामं फिरवू नको माय. दगडावर दगड घासला की पिठात कच पडते.” दळण संपल्यावर पुन्हा झाडणं, पुसणं, नमस्कार.

अवजारांची हीच काळजी मला दूरच्या एका मठाच्या नियमांत भेटली. इटलीतल्या संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. तिच्या ३१ व्या प्रकरणात कोठीच्या प्रमुखाला सांगितलं आहे, की मठातली सगळी भांडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं सांभाळावं. ३५ व्यात स्वयंपाकघराची पाळी आहे. ती सगळ्यांनी आळीपाळीनं करायची, आठवडा संपला की भांडी स्वच्छ आणि धड परत द्यायची, पाळी संपवणारा आणि पाळी घेणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. ४८ व्यात अंगमेहनतीचे आणि वाचनाचे तास ठरवून दिले आहेत. प्रार्थनेची वेळ झाली की हातातलं काम तिथंच ठेवायचं. श्रद्धा किती मोठी, हे तो माणसाच्या हातातल्या भांड्यावरून पाहतो, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

हातातल्या कामातच भक्ती पाहण्याचा हा विचार आपल्याकडे मठातून आला नाही. धुळ्यात तो तुरुंगातून आला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं. साने गुरुजी ती उतरवून घेत, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा उलगडा केला: बाहेरच्या कामाला आतून मनाची जोड मिळाली, की कामाचं ओझं उरत नाही. हे ऐकणारे कैदी होते, हे विसरू नये. सक्तमजुरीत दळण ही शिक्षा असे. तेच दगड, तोच खुंटा, तेच दुखणारे दंड. घरात त्यालाच पहाटेची ओवी लागते. ओवीनं बाईचे कष्ट कमी झाले, असं मी म्हणणार नाही. पहाटे उठणं तिनं निवडलेलं नव्हतं, आणि नुसत्या गोडव्यानं त्या श्रमांची भरपाई होत नाही. तरीही लादलेल्या कामात तिनं स्वतःचा देव आणला, हे तिचं कर्तृत्व आहे.

मावशीच्या याच आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१). त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपाशी, जात्यावर काम करताना त्यांच्या ओठी गाणी येत. घरच्यांनी, त्यातही मुलगा सोपानदेव यांनी, ती टिपून घेतली आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. त्यांच्या गाण्यातलं तत्त्वज्ञान सगळे वाखाणतात. मला वाटतं, ते कामाच्या लयीतून सुटं काढताच येणार नाही.

आता कळणाही गिरणीतूनच येतो, आणि रोजच्या दळणासाठी ते योग्यच आहे. पण खानदेशातल्या कितीतरी घरांत जातं अजून कोपऱ्यात पडून आहे. ते अंगणात कुंडीखाली घालू नका. टाकी लावून घ्या, पहिलं दळण भरड धान्याचं करून टाकून द्या, म्हणजे दगडाची कच निघून जाईल. मग चार भाकरींपुरता कळणा दळा. आणि घरातल्या जिनं आयुष्यभर दळलं, तिला नुसतं शेजारी बसवून घास घालायला सांगा; खुंटा तुम्ही ओढा.