वाट कोणाची, आराखडा कोणाचा?

पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या वाटांचा आराखडा लोकांना विचारून करावा, असे अलीकडे सर्वत्र म्हटले जाते. विचार चांगला आहे. पण 'लोक' म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्या गावगाड्यात आधी विचारावा लागतो, असे माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे रस्ता ही निव्वळ माती-मुरुमाची बाब कधीच नव्हती. त्रावणकोर संस्थानात वायकोमला १९२४-२५ मध्ये सत्याग्रह झाला, तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून अवर्णांना चालता यावे म्हणून. घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी-तलावांबरोबर रस्त्यांचाही उल्लेख करावा लागला. आणि दलित-आदिवासींना सार्वजनिक ठिकाणी सायकलवर बसण्यास किंवा पायताण घालण्यास अडविणे हा गुन्हा आहे, असे अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने लिहावे लागले. स्वातंत्र्यानंतर अडुसष्ट वर्षांनी! जेथे सायकलवर बसण्यालाही कायद्याचे संरक्षण लागते, तेथे वाटांचा आराखडा एकट्या इंजिनियरवर सोपवून कसे चालेल?

कार्यकर्त्यांनी सुरुवात गावनकाशापासून करावी. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखविलेला असतो. नकाशा हाती घेऊन वस्तीतल्या माणसांबरोबर प्रत्येक वाट चालून पाहावी : शाळेची, पाण्याची, मजुरीची, मसणवट्याची. कोणती वाट पावसाळ्यात ओढ्याखाली जाते, कोणती बांधावाल्याने नांगरून खाल्ली, दिवस मावळल्यावर मुली कोणती वाट टाळतात, हे नकाशा सांगत नाही. चालणारी माणसे सांगतात. वापरात असलेली पण नकाशात नसलेली वाटही नोंदवून घ्यावी.

बैठक कोठे आणि केव्हा, यालाही महत्त्व आहे. देवळापुढच्या पारावर भरलेल्या बैठका मी पाहिल्या आहेत. तेथे वस्तीतले लोक कडेला उभे राहतात, बाया तर येतच नाहीत. म्हणून पहिली बैठक वस्तीत, मजुरीहून परतल्यावर घ्यावी. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे, तिचा उपयोग करावा. तेथे ठरलेले ग्रामसभेत मांडून ठराव करून घ्यावा आणि तो इतिवृत्तात नीट लिहिला आहे की नाही, हे आपल्या शिकलेल्या पोरांनी वाचून पाहावे.

वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. शेतात जायला वाटच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आणि जात पाहून कोणी वाट अडवत असेल, तर तो साधा बांधाचा तंटा नव्हे. तेथे अत्याचार प्रतिबंधक कायदाच लावण्याचा आग्रह धरला पाहिजे.

वस्तीपासून आखलेली वाट साऱ्या गावाच्या उपयोगी पडते. गावातून आखलेली वाट मात्र पुष्कळदा वेशीपाशीच संपते.