ओझरची थंडी आणि अंगणातली झाडं

पारा का घसरतो? निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीतली ऊब आकाशात निघून जाते आणि जड, गार हवा खोलगट भागात साचते. शेजारच्या निफाडमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये पारा २ अंशांखाली गेला होता.

आधी कोणाला झळ? केळी, पपई, जास्वंद, कढीपत्ता आणि आंब्याची कोवळी कलमं.

पाणी : संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती जास्त ऊब साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून द्राक्षबागायतदार पहाटे ठिबक सुरू करतात.

पांघरूण : शेडनेट किंवा गोणपाट काठ्यांवर ताणून जमिनीपर्यंत सोडा, प्लास्टिक पानांना टेकू देऊ नका. ऊन वर आलं की काढा.

बुंधा : उसाचं पाचट किंवा वाळका पाला मुळांभोवती पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका.

कुंड्या : दिवसभर उन्हात तापणाऱ्या भिंतीलगत ठेवा.

शेकोटी : बागेत पहाटे शेकोट्या पेटवण्याची जुनी रीत आहे. उपयोग होतो तो आचेचा. नुसत्या धुराने फारसं काही साधत नाही. अंगणात आग टाळलेलीच बरी.

हे टाळा : थंडीच्या तोंडावर युरिया देऊ नका, त्याने फुटणारी कोवळी पालवी सर्वांत आधी करपते. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका. थंडी सरल्यावर नवी फूट कुठून येते ते पाहून, मेलेला भागच कापा.