'आर्मीला माल विका, करोडपती व्हा' म्हणणारे रील्स जे सांगत नाहीत ते सगळं

मागच्या काही महिन्यांत तुमच्याही फीडवर असा एखादा रील आलाच असेल. मागे रणगाडा, पुढे कोट घातलेला एक गृहस्थ आणि खाली मोठ्या अक्षरात 'डिफेन्स टेंडर मिळवा घरबसल्या'. शेवटी एक नंबर आणि नोंदणीची फी.

आता समजा, भोसरीत तुमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी मशीन, आठ माणसं आणि गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क. तुम्हाला खरंच लष्कराचं काम मिळू शकतं का?

मिळू शकतं. पण रस्ता रीलमध्ये दाखवतात तसा नाही. तोच नीट समजून घेऊ.

पहिला प्रश्न, गिऱ्हाईक नक्की कोण?

'आर्मीला माल द्यायचा' असं आपण सहज बोलतो, पण आर्मी नावाचं एकच दुकान नाही. तुमच्यासारख्या वर्कशॉपचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा लष्कर नसतंच. ते असतात लष्करासाठी वस्तू बनवणारे कारखाने, गोद्या आणि प्रयोगशाळा.

यात महाराष्ट्र नशीबवान आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बंद झालं आणि त्याच्या ४१ कारखान्यांच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या दारूगोळा बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आहे, तर यंत्र इंडियाचं नागपुरात. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, भद्रावती इथं कारखाने आहेत. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स, मुंबईत माझगाव डॉक, शेजारी गोव्यात गोवा शिपयार्ड. पाषाण आणि दिघीला डीआरडीओच्या प्रयोगशाळा.

यातल्या प्रत्येकाची गरज वेगळी असते. जहाज बांधणाऱ्याला खाऱ्या हवेत न गंजणारा पार्ट हवा असतो, प्रयोगशाळेला एखाद्या पार्टचे फक्त चार नग हवे असतात. त्यामुळे 'आम्ही सगळं बनवतो' म्हणणाऱ्यापेक्षा 'आम्ही हा एक पार्ट इतक्या अचूकतेने बनवतो' म्हणणाऱ्याचं काम लवकर होतं.

मग दार कुठून उघडतं?

सुरुवात 'उद्यम' नोंदणीपासून. आधार आणि पॅन लागतं, फी शून्य. सरकारी खरेदीच्या 'जेम' पोर्टलवरची नोंदणीही स्वतःची स्वतः करता येते. त्यामुळे फक्त नोंदणीसाठी कुणी हजारो रुपये मागत असेल, तर तिथंच थांबा.

तिसरी जागा फार कमी लोकांना माहिती असते. संरक्षण मंत्रालयाचं 'सृजन' पोर्टल, २०२० मध्ये सुरू झालेलं. सध्या परदेशातून येणारे आणि इथं बनवून हवे असलेले सुटे भाग सरकारी कंपन्या आणि सैन्यदलं तिथं टाकतात. म्हणजे गिऱ्हाईकच सांगतंय, मला काय हवंय. ही यादी चाळायला एक रविवार द्या.

आणि तुमच्याकडे पार्ट नाही, नवी कल्पना असेल तर? त्यासाठी २०१८ पासून 'आयडेक्स' योजना आहे. सैन्यदलं आपली अडचण मांडतात आणि निवडलेल्या छोट्या कंपनीला नमुना बनवायला अनुदान मिळतं. नेहमीच्या चॅलेंजमध्ये दीड कोटींपर्यंत. मात्र तुम्हालाही स्वतःचा वाटा घालावा लागतो. सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या कंपनीने याच वाटेने जानेवारी २०२३ मध्ये नौदलाशी चालकविरहित बोटींच्या ताफ्यासाठी करार केला.

छोट्यांना सवलत काय?

केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा, असं धोरण आहे. त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी. टेंडरचे कागद मोफत मिळतात, बोली लावतानाची अनामत रक्कम माफ असते.

दराचंही गणित आहे. मोठ्या कंपनीने सर्वात कमी, १०० रुपये दर भरला आणि तुमचा ११२ आला, तरी तुम्ही बाद होत नाही. दर १५ टक्क्यांच्या आत असेल आणि तुम्ही १०० ला तयार असाल, तर किमान २५ टक्के काम छोट्या उद्योगांना देता येतं.

पण तीन 'पण' आहेत. ही सवलत मध्यम उद्योगांना नाही. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्या ट्रेडरला नाही. आणि शस्त्रप्रणाली, क्षेपणास्त्रं वगैरे या धोरणाच्या बाहेर आहेत.

ऑर्डर मिळाली, आता खरी परीक्षा

समजा २० लाखांची ऑर्डर आली. ८ लाखांचं मटेरियल तुम्ही रोख आणलं. अनामत माफ होती, पण काम मिळाल्यावरची हमी माफ नसते. ती ५ टक्के धरली तर १ लाख अडकला. दोन महिने काम, पगार आणि वीजबिल मिळून ४ लाख. मग तपासणी, समजा एक महिना. मग बिल.

म्हणजे १३ लाख साडेचार महिने अडकू शकतात. तेही सगळं वेळेवर झालं तर. तपासणीत मटेरियलचं एक सर्टिफिकेट कमी निघालं, तर लॉट तिथंच थांबतो आणि उशिराचा दंड सुरू होतो. छोटी वर्कशॉप बुडतात ती बहुतेक इथं. काम येत नाही म्हणून नाही, पैसा थांबतो म्हणून.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सुलभता परिषद आहे. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला हात धजत नाही, हेही खरं. अशा वेळी 'ट्रेड्स' कामी येतं. खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर वित्तसंस्था तुम्हाला आधी पैसे देतात, थोडा कट घेऊन. केंद्राच्या सरकारी कंपन्यांना या प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची आहे.

मग करायचं काय?

पहिली ऑर्डर छोटीच घ्या. पूर्ण अडकली तरी पगार थांबणार नाहीत, एवढीच. किंवा आधीपासून पुरवठा करणाऱ्या मोठ्या कंपनीचं जॉबवर्क घ्या, म्हणजे ड्रॉइंग, तपासणी आणि कागद कसे लागतात ते कळतं. प्रत्येक लॉटचा कागद जपा, कारण या धंद्यात पार्टइतकीच त्याच्या कागदाची किंमत असते.

आणि पुढच्या वेळी तो रील दिसला, तर नंबर फिरवण्याआधी एक हिशोब करा. आपले किती लाख, किती महिने अडकले तरी आपण तग धरू? हे उत्तर तयार असेल, तर बाकीची दारं फी न भरताही उघडतात.