चॉकलेट सिस्ट : आधी ऑपरेशन की आधी आयव्हीएफ?

सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसली की घरच्यांना वाटते, आधी गाठ काढून टाकू, मग मुलाचे बघू. पण आयव्हीएफ करायचे ठरले असेल तर हा क्रम नेहमीच फायद्याचा नसतो.

ऑपरेशनचा परिणाम काय होतो?

चॉकलेट सिस्ट म्हणजे एन्डोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात झालेली, जुन्या रक्ताने भरलेली गाठ. तिचे आवरण अंडाशयाला घट्ट चिकटलेले असते. ते सोलून काढताना थोडा निरोगी भाग आणि त्यातील स्त्रीबीजेही जातात. रक्तस्राव थांबवण्यासाठी दिलेल्या उष्णतेनेही इजा होऊ शकते. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो, तो भरून निघत नाही. त्यामुळे ऑपरेशननंतर एएमएच कमी होऊ शकते आणि आयव्हीएफमध्ये स्त्रीबीजे कमी मिळू शकतात. दोन्ही बाजूंना गाठी असल्यास किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन केल्यास हा धोका वाढतो.

गाठीमुळेही साठा कमी होतो, हे खरे. तरीही केवळ आयव्हीएफचे यश वाढावे म्हणून सरसकट ऑपरेशन करू नये, असे युरोपातील वंध्यत्वतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

मग ऑपरेशन कधी करावे?

- औषधांनी न थांबणाऱ्या वेदना असतील तर
- गाठीमुळे स्त्रीबीजे काढण्याची सुई पोहोचत नसेल तर
- गाठ झपाट्याने वाढत असेल किंवा कॅन्सरची शंका असेल तर

वय कमी, एएमएच चांगले, गर्भनलिका मोकळ्या आणि पतीचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट चांगला असेल, तर ऑपरेशननंतर नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता वाढू शकते. अशा जोडप्यांसाठी निर्णय वेगळा असू शकतो.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे विचारा

- माझे ऑपरेशन नेमके कशासाठी? दुखण्यासाठी की गर्भधारणेसाठी?
- एएमएच आणि सोनोग्राफीतील बीजकोशांची संख्या पाहिली आहे का?
- आधी स्त्रीबीजे किंवा भ्रूण गोठवून ठेवावेत का?

पोटात अचानक असह्य दुखू लागले आणि उलट्या झाल्या तर मात्र थांबू नका, लगेच रुग्णालयात जा. अंडाशयाला पीळ पडला असल्यास तातडीने ऑपरेशन करावे लागते.

एरवी गाठ दिसली म्हणून घाबरून तारीख ठरवू नका. ऑपरेशन करणारे आणि आयव्हीएफ करणारे डॉक्टर वेगळे असतील, तर दोघांचा सल्ला घेऊनच निर्णय घ्या.