तेरावें वर्ष आणि दहा माणसें

मुंजीचा मुहूर्त पुढें ढकलतां येतो. मुलाचें वय मात्र कोणाच्या हुकुमानें थांबत नाहीं. सन २०२० च्या वसंतांत महामारीमुळें देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां आमच्या गोंदिया जिल्ह्यांत काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रांत काय, ठरलेलीं मंगलकार्यें लांबणीवर टाकावीं लागलीं. आपल्या शास्त्रानें ब्राह्मणबटूस गर्भाष्टम वर्ष सांगितलें असलें, तरी सोळाव्या वर्षापर्यंत अवकाशहि ठेविला आहे. म्हणून ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ असें म्हणून आपणांस समाधान मानतां आलें. पण ज्या समाजांत मुलास तेरा वर्षें पुरीं होतांच धर्माज्ञांचा भार त्याच्या शिरीं येतो, त्यानें काय करावें? यहुदी लोकांपुढें हा प्रश्न उभा राहिला. त्यांनीं तो कसा सोडविला, हें आपल्या घरांतहि विचार करण्याजोगें आहे.

यहुदी म्हटलें कीं परदेशच डोळ्यांपुढें येतो. वस्तुतः बेने इस्रायल हे आपलेच मराठी बोलणारे बांधव होत. अलिबागजवळ नौगांवच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वांचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. हे लोक तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून कोंकणांत त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. हीं मंदिरें मुंबई, ठाणें, पुणें व रायगड या बाजूस आहेत. वैनगंगेकडील आम्हां लोकांस त्यांची ओळख कमी, तें यामुळेंच. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. येथें राहिलेल्या यहुद्यांस महाराष्ट्र सरकारनें २०१६ मध्यें अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला.

यहुदी मुलगा तेरा वर्षांचा झाला कीं तो ‘बार मित्झ्वा’, म्हणजे आज्ञेचा पुत्र होतो. मुलीला हा अधिकार बाराव्या वर्षीं येतो. त्यासाठीं समारंभ झालाच पाहिजे असें नाहीं. वय पुरें झालें कीं अधिकार आपोआप येतो. परंतु रूढि अशी आहे कीं, मुलानें डाव्या दंडावर व कपाळावर तेफिलीन नांवाच्या चामड्याच्या डब्या बांधून प्रार्थना करावी, आणि मंदिरांत सर्वांसमक्ष तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनास उभें राहावें. प्रत्येक आठवड्याचा पाठ ठरलेला असतो. मुलगा आपल्या आठवड्याचा पाठ महिनेच्या महिने स्वरांसह घोकतो. तो आठवडा टळला, कीं तो पाठ पुन्हा वर्षानें यावयाचा!

शिवाय तोरेचें जाहीर वाचन एकट्यानें होत नाहीं. त्यास ‘मिन्यान’ लागतो. सनातन मताप्रमाणें तेरा वर्षांवरील दहा पुरुष एकत्र आले पाहिजेत. महामारीनें नेमकें हेंच बंद केलें. महाराष्ट्रांत सर्व धर्मांचीं प्रार्थनास्थळें मार्च २०२० पासून बंद होतीं, तीं १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास उघडलीं. दुसऱ्या लाटेंत, २०२१ च्या एप्रिलांत, तीं पुन्हा मिटलीं आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशीं खुलीं झालीं. त्या एप्रिलांत लग्नालाहि पंचवीसच माणसें व दोनच तास, असा नियम झाला होता.

हा जाच निष्कारण नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्यें न्यूयॉर्कजवळील न्यू रोशेल येथें एका यहुदी मंदिरांत एका मुलीचा असाच समारंभ व एक अंत्यविधि झाला. त्या प्रसंगीं जमलेल्या मंडळींस पुढें विलगीकरणांत राहावें लागलें, आणि १० मार्च रोजीं त्या मंदिराभोंवतीं एक मैलाच्या टापूंत मोठे मेळावे बंद करण्यांत येत असल्याचें जाहीर झालें. आनंदाचा सोहळाच संकटाचें द्वार होऊं शकतो, हें त्या समाजानें फार लवकर पाहिलें.

आपण ज्यास आपद्धर्म म्हणतों त्यासारखेंच एक तत्त्व यहुद्यांत आहे: जीव वांचविण्याकरितां शब्बाथसुद्धां मोडावा. त्यास अनुसरून मंदिरें मिटलीं. इस्रायलांत शेजाऱ्यांनीं आपापल्या सज्ज्यांत उभें राहून मिन्यान पुरा केला. अमेरिकेंतील कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्रसमितीनें दूरदृश्य यंत्रावर दिसणारीं माणसें मोजण्याची आपत्कालीन सवलत दिली. सनातनी पंडितांनीं ती मानली नाहीं. दहा जण एके ठिकाणींच हवेत, आणि शब्बाथास विजेचें यंत्र चालवावयाचें नाहीं, हा त्यांचा आग्रह कायम राहिला. मात्र घरच्या घरीं तेफिलीन बांधण्यास व प्रार्थना करण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती.

येथें बेने इस्रायलांचा पूर्वेतिहास आम्हांस फार बोलका वाटतो. कित्येक शतकें हा समाज इतर यहुद्यांपासून तुटलेला होता. त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नव्हते, पंडित नव्हते. तरी शनिवारची विश्रांति, मुलाची सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढें त्यांनीं घराच्या आश्रयानें टिकविलें, आणि अशा खुणांवरून ते यहुदी म्हणून ओळखले गेले. संस्काराचें बीज घरांत राहतें, याला यापेक्षां मोठा दाखला कोणता?

तथापि ‘घरीं केलें, झालें’ एवढ्यावर हा विषय संपत नाहीं. मिन्यानाच्या नियमांत एक मर्म आहे. तेरावें वर्ष पुरें झालेला मुलगा त्या दिवसापासून स्वतः दहांपैकीं एक धरला जातो. स्थलांतरामुळें कोंकणांतील कांहीं मंदिरांत दहा पुरुष जमविणें महामारीपूर्वींहि कठीण झालें होतें. तेथें नऊ वडीलधारे खोळंबले असतां हा पोर आला, कीं प्रार्थना सुरू होते! आपला बटु मुंजींत उपदेश घेतो, भिक्षा घेतो, अहेर घेतो. आपल्यावांचून कोणाचें अडतें, हें त्यास कोणी सांगत नाहीं.

निर्बंध केव्हांच उठले. मांडव, पंगती, अहेर पूर्ववत् झाले, आणि संध्या महिन्याभरांत विसरली जाते, तेंहि पूर्ववत्. वास्तविक उपनयनास आचार्य, बटु आणि आईबाप पुरतात. गर्दी वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. आप्तांनीं जमावें, तोंड गोड करावें. पण टाळेबंदीनें गर्दी व संस्कार हे वेगळे करून दाखविले, तो धडा इतक्यांत पुसूं नये. ज्यांच्या घरीं पुढच्या वैशाखांत मुंज ठरली असेल, त्यांनीं निमंत्रणांच्या यादीआधीं दुसरी लहानशी यादी करावी: मुलाजवळ रोज संध्येस कोण बसेल, आणि त्या दिवसापासून घरांतलें कोणतें काम त्याच्यावांचून अडेल. एकत्र कुटुंबांत अशीं दहा माणसें सहज निघावींत.